राऊस विषाणू : संपादकीय तळटीप
* ग्रंथकर्त्यांनी येथे ओझरता उल्लेखिलेला विषाणू पेटन राऊस यांनी 1911 साली न्यूयॉर्क येथे, कोंबडीच्या अर्बुदाच्या पेशीविरहित अर्काने निरोगी कोंबडीतही अर्बुद उपजते असे दाखवून, उजेडात आणला. परंतु त्याचे कार्य काचपात्रात मोजण्याची खात्रीलायक पद्धत हॉवर्ड टेमिन व हॅरी रूबिन यांनी कॅलिफोर्नियात बसवून 1958 साली प्रसिद्ध करीपर्यंत जवळजवळ अर्धे शतक लोटले. कोंबडीच्या भ्रूणातील पेशी पात्राच्या तळाशी चपट्या, लांबट अशा एकपदरी पसरतात. त्यांवर विषाणू घालून वर अगरचा थर दिला, म्हणजे काही दिवसांत जागजागी त्या गोलसर व चकचकीत होऊन, शेजारच्या पेशींची मर्यादा न जुमानता, एकीवर एक चढू लागतात, आणि असा एकेक पुंजका एकाच विषाणुकणापासून उद्भवू शकत असल्यामुळे, पुंजक्यांच्या मोजदादीवरून विषाणूंचा हिशेब लागतो. विशेष महत्त्वाचे असे, की हा विषाणू आश्रयदात्या पेशीस मारीत नाही. ती स्वतः विभागत राहते आणि नवे विषाणूही प्रसवत राहते. सबब विषाणू पेशीचा नाशच करतो, हे ग्रंथकर्त्यांचे सरसकट विधान वाचकांनी या विषाणूपुरते ग्राह्य धरू नये. — संपादक