तर्ककोडे

तर्ककोडे म्हणजे दिलेल्या मोजक्या विधानांवरून, बाहेरची कोणतीही माहिती न वापरता, केवळ निगमनाने उत्तर शोधावयाचे कोडे होय. अशा कोड्यात व्यक्ती, वस्तू, स्थाने किंवा क्रमांक यांच्या जोड्या लावावयाच्या असतात. विद्यार्थी आणि त्यांना चाचणीत मिळालेल्या श्रेणी हा या प्रकारातील एक नेहमीचा विषय आहे. चांगल्या तर्ककोड्याला उत्तर असते आणि ते एकमेव असते.

स्वरूप

चार विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या असतील, तर त्यांच्या ४ × ३ × २ × १ = २४ मांडण्या संभवतात. कोड्यातील प्रत्येक विधान यांपैकी काही मांडण्या बाद करते. सर्व विधाने एकत्र लावल्यावर एकच मांडणी उरावी, अशी कोड्याची रचना असते.

सोडवण्यासाठी सहसा तक्ता आखतात. ओळींत विद्यार्थ्यांची नावे आणि स्तंभांत श्रेणी लिहितात. अशक्य जोडीच्या चौकटीत फुली आणि निश्चित जोडीच्या चौकटीत बरोबरची खूण करतात. एक जोडी निश्चित झाली की त्या ओळीतील व स्तंभातील उरलेल्या चौकटींत फुल्या पडतात. एखाद्या ओळीत एकच चौकट मोकळी राहिली, तर ती जोडी आपोआप निश्चित होते.

उदाहरण

मीरा, नचिकेत, रोहिणी आणि सुहास यांना एका चाचणीत अ, ब, क, ड या श्रेणी मिळाल्या. प्रत्येकाची श्रेणी वेगळी असून अ ही सर्वांत वरची आहे.

१. मीराची श्रेणी सुहासच्या श्रेणीपेक्षा वरची आहे.
२. नचिकेतला अ श्रेणी मिळाली असेल, तर सुहासला ब श्रेणी मिळाली आहे.
३. नचिकेत आणि सुहास यांच्या श्रेणी लगतच्या नाहीत.
४. नचिकेतला ब श्रेणी मिळालेली नाही.

उकल

पहिल्या विधानानुसार सुहासच्या वर मीरा असल्यामुळे सुहासला अ श्रेणी असू शकत नाही.

नचिकेतला अ श्रेणी मिळाली असे मानल्यास दुसऱ्या विधानानुसार सुहासला ब मिळते. मीराची श्रेणी त्याहून वरची हवी. परंतु ब च्या वर केवळ अ आहे आणि ती नचिकेतकडे गेली आहे. ही विसंगती असल्याने नचिकेतला अ नाही. चौथ्या विधानानुसार ब देखील नाही. म्हणून त्याची श्रेणी क किंवा ड आहे.

ती क मानल्यास तिच्या लगतच्या ब आणि ड या दोन्ही श्रेणी तिसऱ्या विधानामुळे सुहाससाठी बाद होतात. अ आधीच बाद झाली आहे आणि क नचिकेतकडे आहे. सुहाससाठी एकही श्रेणी उरत नाही. म्हणून नचिकेतची श्रेणी ड आहे.

आता ड च्या लगतची क सुहासला मिळू शकत नाही, त्यामुळे त्याला ब मिळते. मीरा त्याच्या वर असल्याने तिला अ आणि उरलेली क रोहिणीला मिळते. रोहिणीचा उल्लेख एकाही विधानात नसतानाही तिची श्रेणी निश्चित होते.

सशर्त विधानाचा अर्थ

या कोड्यात सर्वाधिक चूक दुसऱ्या विधानाच्या वाचनात होऊ शकते. ‘नचिकेतला अ, तर सुहासला ब’ याचा व्यत्यास ‘सुहासला ब, तर नचिकेतला अ’ असा होतो. परंतु मूळ विधान खरे असल्याने व्यत्यास खरा ठरत नाही. वरील उत्तरात सुहासला ब आहे आणि नचिकेतला अ नाही, तरीही विधान मोडत नाही. व्यत्यास गृहीत धरल्यास मात्र कोड्याला एकही उत्तर उरत नाही.

एकमेवता

अंदाजाने एखादी मांडणी लावून ती सर्व विधानांत बसते असे दाखवले, तर उत्तर अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. ते एकमेव आहे हे सिद्ध करण्यासाठी इतर प्रत्येक पर्याय विसंगतीकडे नेतो, असे दाखवावे लागते. वरील उकलीत नेमके हेच केले आहे. विधानांपैकी एकही अनावश्यक नाही: दुसरे विधान वगळल्यास चार मांडण्या शक्य होतात.

इतिहास

ऑक्सफर्ड येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी लुईस कॅरॉल या टोपणनावाने लिहिलेल्या ‘सिम्बॉलिक लॉजिक’ (१८९६) या पुस्तकात अनेक विधानांवरून एकच निष्कर्ष काढण्याची उदाहरणे दिली. १७ डिसेंबर १९६२ रोजी ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात पाच घरांचे ‘झेब्रा कोडे’ प्रसिद्ध झाले. ते अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी रचले असे सांगितले जाते, परंतु त्यास पुरावा नाही. त्यात पाच घरांशी पाच प्रकारच्या गोष्टी जुळवायच्या असल्याने २४,८८,३२,००,००० मांडण्या संभवतात. त्या एकेक तपासणे माणसाला शक्य नाही, निगमनाने मात्र उत्तर कागदावर मिळते.

वापर

भारतात बँक भरतीच्या परीक्षांतील तर्कक्षमता विभागात आणि महाराष्ट्रातील शालेय शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत तर्कावर आधारित प्रश्न असतात. संगणकशास्त्रात अशी कोडी अटींच्या पूर्ततेच्या समस्या म्हणून अभ्यासली जातात. सुडोकू हेही याच वर्गात मोडते.