पँझरयेगर आणि मराठा पलटण

प्लॅस्टिकचे रणगाडे जोडण्याचा छंद आहे असं सांगितलं की दोनच प्रश्न येतात. "हे खेळणं मुलाचं की तुमचं?" आणि "जर्मनच का?" पहिल्याचं उत्तर आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. दुसऱ्याचं शोधता शोधता मी मराठा पलटणीपर्यंत जाऊन पोहोचलो, म्हणून हा लेख.

यंदा जोडलेली गाडी म्हणजे 'पँझरयेगर १'. पँझरयेगर म्हणजे रणगाड्यांचा शिकारी. मार्च १९३९ मध्ये हिटलरने उरलासुरला चेकोस्लोव्हाकिया गिळला, तेव्हा स्कोडा कारखान्याच्या ४७ मिलिमीटरच्या उत्तम रणगाडाविरोधी तोफा जर्मनांच्या हाती लागल्या. त्यांचा स्वतःचा 'पँझर १' मात्र फक्त दोन मशीनगनांचा, तोवर जुनाट झालेला. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करावी तसा त्यांनी त्याचा वरचा फिरता बुरूज काढला, तिथे चेक तोफ बसवली आणि समोरून व बाजूंनी पोलादी ढाल उभी केली. वरून आणि मागून गाडी उघडीच. आत तिघं जण. १९४०-४१ मध्ये अशा २०२ गाड्या झाल्या आणि त्यांतल्या २७ मार्च १९४१ मध्ये ६०५ क्रमांकाच्या तुकडीबरोबर रोमेलकडे लिबियात गेल्या.

खरी गाडी ४.४२ मीटर लांब, त्यामुळे १:३५ प्रमाणात ती साडेबारा सेंटिमीटरची होते. (हे ३५ कुठून आलं? जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावतील असं माप धरलं. तेच पुढे जगभर रूढ झालं!) ढालीचं पोलाद १४.५ मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम ०.४. साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक याहून जाड असतं. म्हणून ढालीच्या कडा आतल्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ कराव्या लागतात. गाडी उघडी असल्याने आतलं सगळं दिसतं. दारूगोळ्याच्या पेट्या, तोफ फिरवायची चाकं, वायरलेस, काहीही झाकून नेता येत नाही.

रंगाची गंमत वेगळीच. या गाड्या युरोपातल्या करड्या रंगातच आफ्रिकेत उतरल्या आणि पिवळा रंग नंतर चढला. त्यामुळे पिवळा खरवडला की खालून करडा दिसतो. ते दाखवायला आधी करडा रंग द्यायचा, ओलसर करून मिठाचे दाणे चिकटवायचे, वरून पिवळा मारायचा आणि वाळल्यावर मीठ चोळून काढायचं. हे काम दुबईच्या बाल्कनीत जुलैमध्ये करू नये. स्प्रेगनमधून निघालेला रंग गाडीवर पोहोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

वाळू तर दारातच आहे, असं तुम्ही म्हणाल. पण अर्ध्या मिलिमीटरचा कण ३५ पट केला की पावणेदोन सेंटिमीटरची खडी होते. शिवाय तोब्रुकचं वाळवंट म्हणजे आपल्या लिवासारख्या लाल टेकड्या नव्हेत. तिथे टणक चुनखडीवर धुळीचा पातळ थर असतो. खंदक खणता येत नाही, म्हणून सैनिक दगड रचून आडोसा करत. हिंदुस्थानी फौजेने वायव्य सरहद्दीवर उचललेला त्याचा शब्द 'संगर'. आणि तोब्रुकच्या त्या दगडांआड सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगावकडची आपलीच माणसं होती.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, 'काली पांचवीं', ११ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. १५ जून १९४१ ला हलफाया घाटावर ती पायथ्याकडून चढून गेली. वरच्या अंगाने मटिल्डा रणगाडे येत होते. त्यांचं पुढचं पोलाद ७८ मिलिमीटर, लहान तोफांना दाद न देणारं. पण रोमेलने ८८ मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा जमिनीत पुरून आडव्या रोखल्या होत्या. त्यांनी मटिल्डा फोडले आणि रणगाड्यांचा आधार तुटल्यावर पायदळाचा हल्ला तिथेच थांबला.

वर्षभराने हीच पलटण तोब्रुकच्या आग्नेय कडेला होती. नेमक्या तिच्याच हद्दीत रोमेलने घाव घालायचं ठरवलं. तिथला रणगाडाविरोधी चर ठिकठिकाणी बुजला होता आणि बरेच सुरुंग आधीच काढून गझाला आघाडीवर नेले होते. २० जून १९४२ च्या पहाटे स्टुका विमानांनी तो पट्टा भाजून काढला आणि मागून रणगाडे आत घुसले. २१ तारखेला जनरल क्लॉपरने शरणागती दिली. सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले आणि रोमेल फील्डमार्शल झाला. इंग्रजी पुस्तकांत आपल्या पलटणीचं नाव बहुधा 'तटबंदी इथे फुटली' एवढ्यापुरतंच येतं. बुजलेल्या चराची आणि उचललेल्या सुरुंगांची जबाबदारी त्या जवानांची नव्हती, हे मला तरी त्याच वाक्यात वाचायला आवडेल.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाहून उंच असतो आणि कुणालाच खटकत नाही, कारण तिथे माणूस महत्त्वाचा. आमच्या छंदात उलटं आहे. तोफेच्या नळीत अर्धा मिलिमीटर फरक पडला तर लोक हिशेब मांडतात. खोक्यावरच्या चित्रात मात्र जर्मन तोफची उमदा दिसतो आणि त्याची तोफ कुणावर रोखलेली आहे ते चित्राच्या चौकटीबाहेरच राहतं. दुकानांत जर्मन सैनिकांच्या प्रतिकृती हव्या तितक्या आहेत, मराठा शिपाई मला एकही सापडला नाही. इजिप्त आणि लिबियात दहन झालेल्या सहाशेहून अधिक सैनिकांचं स्मारक अल अलामेनच्या युद्धस्मशानभूमीत आहे. इथून कैरोचं विमान चार तासांचं. आपण पिरॅमिड बघून परततो.

म्हणून मी तळपाट लांब केला. एका टोकाला पँझरयेगर आणि दुसऱ्या टोकाला रास अल खैमाच्या डोंगरातल्या खड्यांचा संगर. त्यातला शिपाई ब्रिटिश पायदळाच्या सेटमधून घेऊन चाकूने आणि पुटीने घडवतोय. पुढचा नंबर मटिल्डाचा. खरा मटिल्डा नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात आहे, आणि त्याच आवारात जर्मन ८८ ची तोफही. सुट्टीत गेलो की टेप घेऊन जाणार आहे.