रीटचा प्रारंभिक खर्च : अमेरिकेतील मर्यादेचा इतिहास

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १४ सप्टेंबर १९६० रोजी स्वाक्षरी केलेल्या करविषयक कायद्याने स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, म्हणजेच 'रीट', या संस्थेस मान्यता मिळाली. मोठ्या इमारतींच्या भाडे-उत्पन्नात सामान्य गुंतवणूकदारालाही वाटा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. परंतु गोळा झालेल्या पैशांपैकी प्रत्यक्ष इमारतींपर्यंत किती पोहोचतात, हा प्रश्न त्या कायद्याने हाताळला नाही.

तो घटकराज्यांकडे राहिला. कॅन्ससच्या १९११ च्या रोखेविषयक कायद्यापासून अनेक राज्यांत केवळ माहिती उघड करणे पुरेसे मानले जात नसे. प्रस्ताव रास्त आहे की नाही, हेही अधिकारी तपासत. याच परंपरेतून राज्यांच्या रोखे प्रशासकांच्या संघटनेने रीटविषयक धोरण आखले. त्यानुसार स्थापना आणि भागविक्री यांचा खर्च जमा रकमेच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. कायदेशीर सल्ला, छपाई, नोंदणी शुल्क व दलाली या सर्वांचा त्यात समावेश होतो. १९९६ च्या संघीय कायद्याने राष्ट्रीय शेअर बाजारांत सूचिबद्ध असलेले रोखे राज्यांच्या नोंदणीतून वगळले. परिणामी राज्यांची ही मर्यादा असूचिबद्ध रीटपुरतीच महत्त्वाची उरली. दलालांची स्वयंनियामक संस्था 'फिनरा' हिच्या नियमांत विक्रीच्या मोबदल्यावर १० टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे.

मर्यादा म्हणजे रास्त दर नव्हे, हे मात्र विसरले गेले. दहा डॉलरच्या भागामागे एक डॉलर विक्रीखर्चात जाणे ही जणू रूढी झाली. त्याहून गंभीर बाब अशी की, ग्राहकाच्या खातेविवरणात भागविक्रीच्या काळात व त्यानंतरही काही काळ भागाची किंमत दहा डॉलरच दाखविली जाई. म्हणजे मालमत्तेचे मूल्य नव्हे, तर स्वतः मोजलेली रक्कमच त्याला पुन्हा वाचावयास मिळे. नियमभंग कोठेही नव्हता. अडचण नेमकी तीच होती.

११ एप्रिल २०१६ पासून फिनराच्या सुधारित नियमांनुसार विवरणात प्रारंभिक खर्च वजा करून उरणारी निव्वळ गुंतवणूक किंवा मूल्यांकनावर आधारित किंमत देणे आवश्यक ठरले. टक्केवारीच्या मर्यादेला जे साधले नव्हते, ते बऱ्याच अंशी या एका आकड्याने साधले. मोठी प्रारंभिक दलाली आता लपत नव्हती. २०१७ मध्ये भागविक्री सुरू करणाऱ्या ब्लॅकस्टोनच्या रीटमध्ये काही वर्गांच्या भागांवर आरंभीचा आकार कमाल ३.५ टक्के आणि त्यापुढे वार्षिक सेवाशुल्क ०.८५ टक्के अशी रचना दिसते. खर्चाचा काही भाग अशा रीतीने पहिल्या दिवसावरून पुढील वर्षांवर सरकला.