ओसाकाच्या चात्या आणि मेडशीची वाट

वाशिमहून निघून मालेगाव, मेडशी, पातूर अशी गावे घेत अकोल्यास उतरणारी सडक वऱ्हाडच्या दोन नैसर्गिक विभागांना, म्हणजे दक्षिणेकडील बालाघाटाच्या पठाराला आणि उत्तरेकडील पूर्णाकाठच्या पायनघाटाला, एकत्र जोडते. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि १८६७ पर्यंत लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास पोहोचला, तेव्हापासून पठारावरच्या कापसाला समुद्राची दिशा अकोल्याच्या बाजारातूनच सापडू लागली. आणि वाशिमच्या वाट्याला लोहमार्ग स्वातंत्र्यानंतरच आल्यामुळे हा माल दीर्घकाळ बैलगाड्यांनीच घाट उतरत राहिला. सावकाराचे देणे, सरकारचा धारा आणि अडत्याची कसर यांच्या हिशेबात गुंतलेल्या कुणब्याला आपल्या कापसाचा पुढील प्रवास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु त्या प्रवासाचे एक टोक मुंबईच्या गोदीपलीकडे, थेट जपानातील ओसाका नगरीत होते, आणि मेडशीसारख्या गावाचा अर्वाचीन इतिहास त्या टोकापर्यंत गेल्याशिवाय पुरता समजत नाही.

कापसाचा आणि जपानचा संबंध भारताच्या नावानेच सुरू होतो. इ. स. ७९९ मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्यास एक परदेशी तरुण लहानशा नावेतून वाहत येऊन लागला, त्याने पुढे आपण तेन्जिकूचे, म्हणजे भारताचे, असल्याचे सांगितले आणि त्याच्याजवळ कापसाचे बी होते, अशी नोंद जपानच्या राजकीय बखरीत आहे. ते बी पेरले गेले, पण तेथे टिकले नाही. कोरियात कापूस नेण्याचे श्रेय चौदाव्या शतकातील मुन इक-जोम या विद्वान अधिकाऱ्याला देतात. चीनमधून परतताना त्याने लेखणीच्या नळीत बी लपवून आणले, अशी तेथील लोकश्रद्धा आहे. पुढे कोरियाचे सुती कापड जपानात जाऊ लागले, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास जपाननेही कापसाची लागवड पुनश्च हाती घेतली.

मेइजी राजवटीत उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने १८८२ साली ओसाका सूतगिरणी स्थापन झाली, तेव्हा हा देशी कापूस यंत्राच्या भुकेला पुरणारा नव्हता. साडेदहा हजार चात्यांची ही गिरणी रात्रंदिवस चालू लागली, तिच्यामागून इतर गिरण्या निघाल्या, आणि त्यांनी स्वस्त कापसासाठी प्रथम चीनकडे व नंतर भारताकडे दृष्टी वळविली. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. तलम सुतासाठी लँकेशायरला तो फारसा रुचत नसे. जपानी गिरणीवाल्यांनी मात्र निरनिराळ्या देशांचा कापूस विशिष्ट प्रमाणात मिसळण्याची विद्या इतक्या निष्ठेने साधली, की या आखूड धाग्यातही थोडा लांब धाग्याचा अमेरिकी कापूस घालून त्यांनी आशियाच्या बाजाराला परवडेल असे मजबूत सूत काढले. ज्या मुंबईचे सूत एके काळी जपानात खपत असे, त्याच मुंबईला पुढे चीनच्या बाजारात जपानी सुताशी झुंजावे लागले.

या व्यापाराच्या मार्गात जहाजभाडे हा मोठा अडसर होता, कारण मुंबई ते जपान या वाहतुकीवर पी. अँड ओ. कंपनीचे व तिच्या साथीदारांचे वर्चस्व होते. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानात गेले, निप्पोन युसेन काइशा या कंपनीशी त्यांनी बोलणी केली, आणि त्याच वर्षी ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईस निघाले. प्रतिस्पर्ध्याने भाडे टनामागे दीड रुपयापर्यंत उतरविले. त्या आमिषाने मुंबईच्या कित्येक व्यापाऱ्यांनी टाटांची साथ सोडली. तिकडे जपानी गिरणीसंघाने आपला कापूस स्वदेशी जहाजांतूनच आणण्याचा करार केला व तो पाळला. अखेर १८९६ मध्ये पी. अँड ओ. ला तडजोड करावी लागली. या एका प्रसंगात त्या राष्ट्राच्या उत्कर्षाचे मर्म दिसते: तात्कालिक लाभाहून दूरचे हित मोठे, हे तेथील व्यापाऱ्यांनी हिशेबाच्या वहीतच उतरविले होते. पुढे तोयो मेनका, गोशो, निप्पोन मेनका या पेढ्यांनी मुंबईत बस्तान बसविले आणि त्यांची खरेदी कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांपर्यंत पोहोचली.

या उत्कर्षाची दुसरी बाजू कोरियाने भोगली. १९१० साली तो देश जपानच्या अंमलाखाली गेला. दक्षिणेकडील जोल्ला प्रांतात शासनाने अमेरिकी वाणाच्या कापसाची सक्ती केली आणि मोक्पो बंदरातून तो जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला. तेथे हुकूम होता, वऱ्हाडात कर्ज होते. तथापि शेत आपले आणि भाव दुसऱ्याच्या हाती, ही अवस्था दोन्हीकडे सारखीच होती.

ती अवस्था किती नाजूक होती, हे १९३३ साली उघड झाले. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसविताच जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घेणे थांबविले. १९३४ च्या आरंभी झालेल्या तडजोडीत जपानने वर्षाला १० लाख गाठी घेतल्यास ३२.५ कोटी वार आणि १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी वार कापड येथे विकावे, असे ठरले. तडजोडीच्या मेजावर गिरणीवाले, मुत्सद्दी आणि मँचेस्टरचे हितरक्षक होते. ज्याच्या गाठींच्या बळावर सारा सौदा उभा होता, त्या शेतकऱ्याला आपला भाव ठरविण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता. १९४१ मध्ये युद्धाने हा व्यापार खुंटला, आणि आखूड धाग्याचा कापूस एका मोठ्या गिऱ्हाइकाला पारखा झाला.

आज वाशिम जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीनचे प्राबल्य आहे, आणि हे पीक मूळचे पूर्व आशियाचे. अमेरिकी वाणांच्या द्वारे ते मध्य प्रदेशात रुजले व तेथून वऱ्हाडात पसरले. जपानने त्यापासून मिसो आणि तोफू, कोरियाने द्वेनजांग सिद्ध केले व शतकानुशतके ते घराघरांत जपले. आपल्याकडे मात्र दाण्याचे तेल निघते, पेंड खुराकासाठी जाते, आणि शेतकरी पुन्हा दूरच्या बाजाराचा भाव ऐकत बसतो. निकृष्ट ठरविलेल्या धाग्यातून उद्योग उभारण्याची दृष्टी, आणि भाडे स्वस्त झाले तरी एकजूट न मोडण्याचा निग्रह, हे दोन धडे वऱ्हाडच्या कापसावरच दुसऱ्या राष्ट्राने गिरविले. मेडशीच्या परिसरातील नव्या पिढीने, तिच्या सहकारी संस्थांनी आणि शेतीशाळांनी ते आपल्या इतिहासाचाच भाग मानून अभ्यासले पाहिजेत. माल जेथपर्यंत जातो तेथपर्यंत उत्पादकाचे ज्ञानही पोहोचल्याशिवाय पीक बदलले तरी त्याची स्थिती बदलणार नाही.