स्प्रेडशीटच्या लेखी १९०० पूर्वी काळच नव्हता

१/१०
बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडच्या परिसरात इतिहासाला तोटा नाही. त्याच तालुक्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, तर साखरखेर्डा ही निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यातील १७२४ च्या लढाईची भूमी. येथील घटनांचा तक्ता संगणकावर करू लागताच पहिली अडचण येते ती तारखेच्या रकान्यात.

२/१०
एक्सेलमध्ये जिजाऊंचा जन्मदिनांक, १२ जानेवारी १५९८, टाकून पाहा. तो तारीख म्हणून स्वीकारला जात नाही; नुसता मजकूर उरतो. त्यावरून वय काढता येत नाही. कारण विंडोजवरील एक्सेलची कालगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते.

३/१०
याचे मूळ स्प्रेडशीटच्या जन्मात आहे. १९७९ मध्ये ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क आणले, ते व्यापारी हिशेबांसाठी. १९८३ च्या लोटस १-२-३ ने १९०० हे लीप वर्ष मानले. ती चूक सुसंगतीसाठी एक्सेलनेही स्वीकारली. म्हणून कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस एक्सेलमध्ये आजही आहे.

४/१०
पर्याय म्हणजे लिबरऑफिस कॅल्क. जर्मनीतील स्टारऑफिस १९९९ मध्ये सन कंपनीने घेतले, त्यातून ओपनऑफिस निघाले आणि २०१० मध्ये त्यापासून लिबरऑफिस वेगळे झाले. ते विनामूल्य आहे. त्याचा शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९; त्यापूर्वीचे दिवस ऋण संख्यांत मोजले जातात. १५९८ तेथे सहज सामावते.

५/१०
मात्र हाच तक्ता एक्सेलच्या स्वरूपात जतन करून मित्राला पाठवला, की त्याच्या पडद्यावर तारखांच्या जागी ##### अशी चिन्हांची रांग दिसते. ऋण तारीख एक्सेल दाखवत नाही. मित्र दोष देतो तो तक्ता करणाऱ्याला.

६/१०
ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक अधिक घातक. कॅल्क १५ ऑक्टोबर १५८२ पासूनची प्रत्येक तारीख ग्रेगोरियन मानते. इंग्रजांनी मात्र सप्टेंबर १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग वापरले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अनेक ग्रंथांतही तोवरच्या तारखा ज्युलियनच असतात.

७/१०
उदाहरण शिवजन्माचे. १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला, तर कॅल्क मंगळवार सांगते. जेधे शकावलीत शुक्रवार आहे. शकावली चुकलेली नाही. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे; तिची ग्रेगोरियन तारीख १ मार्च १६३०, आणि तो शुक्रवारच. हे ठाऊक नसलेला अभ्यासक अस्सल साधनावरच संशय घेईल.

८/१०
साखरखेर्ड्याची लढाई ग्रेगोरियन गणनेने ११ ऑक्टोबर १७२४ ची, ज्युलियन गणनेने ३० सप्टेंबरची. दोन ग्रंथांतून दोन तारखा उतरवल्या, तर तक्त्यात एका लढाईच्या दोन लढाया होतात.

९/१०
ग्रंथसंग्रहाचीही हीच तऱ्हा. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले कॅलिबर हे ई-पुस्तके सांभाळणारे उत्तम विनामूल्य साधन. पण ते देवनागरी नावांच्या फोल्डरांना ओबडधोबड रोमन रूप देते. ‘वि. का. राजवाडे’ आणि ‘विश्वनाथ काशिनाथ राजवाडे’ हे त्याच्या लेखी दोन लेखक. स्कॅन केलेल्या जुन्या खंडातील अक्षरेही त्याला वाचता येत नाहीत.

१०/१०
उपाय साधा आहे. रकाना आधी ‘मजकूर’ प्रकारचा करावा आणि तारीख १५९८-०१-१२ अशी, वर्ष आधी ठेवून लिहावी. क्रम आपोआप लागतो. शेजारी पंचांगाचा प्रकार नोंदवावा. साधनातील मूळ शक, तिथी आणि वार तिसऱ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावेत. रूपांतर चुकले तरी दुरुस्त करता येते. मूळ नोंद पुसली गेली, तर तपासायला काहीच उरत नाही.