मोटारींतील विजेची परतवाट

मोटारगाडीच्या बॅटरीचें एक टोंक ‘अर्थ’ केलेलें आहे, असें कारागीर म्हणतो. परंतु त्या टोंकाचा जमिनीशीं कांहींच संबंध नसतो. येथें भूमि म्हणजे गाडीचाच लोखंडी सांगाडा. दिव्याकडे तार एकच जाते. प्रवाह परततो तो सांगाड्यांतून.

शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांची, पुन्हा भरतां येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. मोटारींत तिचें महत्त्व वाढलें तें १९१२ च्या कॅडिलॅकपासून. चार्ल्स केटरिंग याच्या विजेच्या स्टार्टरनें हात मोडणारें हँडल मागें पडूं लागलें.

स्टार्टरला प्रवाह फार मोठा लागतो. सांगाड्याच्या सांध्यावर गंज वा रंग चढून तेथें एक शतांश ओहम एवढाच अडथळा झाला, तरी दीडशें अँपिअर वाहतांना दीड व्होल्ट तेथेंच खर्ची पडतो. सहा व्होल्टांच्या जुन्या गाडीची ही चौथाई होय. अशा वेळीं दोष सांध्याचा असतो आणि बदलली जाते बॅटरी.

सांगाड्यास कोणतें टोंक जोडावें, याविषयीं एकमत नव्हतें. फोर्डच्या ‘टी’ गाडींत ऋण टोंक जोडीत, ‘ए’ गाडींत धन. १९५६ च्या नमुन्यांत बारा व्होल्टांसह पुन्हा ऋण आलें. डायनामोस दोन्ही रीती चालत. त्याच्या गाभ्यांत उरलेलें चुंबकत्व उलटवितां येई. आल्टर्नेटरमधील डायोड प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतात. उलट जोडणीनें ते जळतात. १९६७ सालीं एमजीबी या इंग्रजी गाडींत आल्टर्नेटर आला, तेव्हां धन टोंकाची रीतही सुटली.

म्हणून जुन्या गाडीची बॅटरी भरण्यापूर्वीं सांगाड्याची तार कोणत्या टोंकास आहे, हें पाहिलें पाहिजे. तीच तार आधीं काढावी व शेवटीं लावावी, मग ती धन असो वा ऋण; नाहींतर पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडते. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन निघतो. त्याला तेवढी ठिणगी पुरते. चार्जरचें धन टोंक मात्र नेहमीं बॅटरीच्या धन टोंकासच जोडावें. सहा व्होल्टांच्या बॅटरीस बारांचा चार्जर लावूं नये. आजच्या गाडीची संवय जुन्या गाडीवर लादली, कीं अनेक दशकें टिकलेलें यंत्र क्षणांत बिघडतें.