दफ्तर कुणाचे, पुरावा कुणाचा?

महाडच्या चवदार तळ्याचा लढा म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ चे ते ओंजळभर पाणी आठवते. हाच लढा पुढे जवळजवळ दहा वर्षे कोर्टात चालला, हे मात्र आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही. सनातन्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा लावला; मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी त्यावर अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची वहिवाट अनादिकाळापासून आहे, असे वादींचे म्हणणे. ते सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच होता. त्यांना ते सिद्ध करता आले नाही, आणि बाबासाहेबांचा पक्ष जिंकला. पुराव्याचा भार कुणाच्या खांद्यावर टाकला जातो यावर न्यायाचे पारडे झुकते, ही त्या निकालाची शिकवण मला फार मोलाची वाटते.

आज तोच भार आपल्या पोरांच्या खांद्यावर आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात आणि त्याआधीचा वाडवडिलांचा पुरावा मागतात. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जातप्रमाणपत्र कायद्याने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. खोट्या दाखल्यांनी आपल्याच जागा लुटल्या जातात, म्हणून या नियमाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच, की हा पुरावा असतो कुठे? कोकणातून, देशावरून आलेले आपले आजे गिरण्यांत आणि गोदीत राबले, डिलाईल रोड-नायगावच्या बी.डी.डी. चाळींत राहिले. त्यांच्या घरी कागदांची पेटी नव्हती. त्यांचे असणे शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि जन्ममृत्यूच्या नोंदवहीत लिहिले गेले. ते दफ्तर दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

परळ-लालबागच्या मुलांचे अर्ज मी बरीच वर्षे लिहून देतो. एका कार्यालयाने अशाच एका मुलाला तोंडी सांगितले, "ते रजिस्टर सापडत नाही." दाखला वेळेत मिळाला नाही आणि त्याचा प्रवेश गेला. कपाट त्यांचे, किल्ली त्यांची, वाळवीही त्यांचीच. शिक्षा मात्र पोराला!

याबाबत कायदा काय सांगतो? इंग्रजांनी १९१७ साली केलेला कायदा मुळात सरकारी कागद नष्ट कसे करावेत यासाठीच होता. कागद सांभाळण्याचे कर्तव्य सांगणारा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्राने १९९३ साली केला, महाराष्ट्राने २००५ साली. नियम डावलून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कायद्याला दात आहेत. पण कागद गहाळ झाल्यावर पहिली हालचाल करायची ती त्याच खात्याच्या अभिलेख अधिकाऱ्याने. ज्याचा कागद गेला त्या नागरिकाला या कायद्यात जागाच नाही. चोरीची फिर्याद राखणदारानेच द्यायची, असा हा मामला आहे.

ही कोंडी फोडायला माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा उपयोगी पडतो. 'फाईल सापडत नाही' ही सबब त्या कायद्यातील अपवादांत कुठेही नाही. असा कागद गहाळ कसा झाला याची चौकशी लावून जबाबदारी ठरवता येते, हे दिल्ली हायकोर्टाने २०१३ साली स्पष्ट केले. म्हणून तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. लेखी अर्ज करा. रजिस्टर शेवटी कुणाच्या ताब्यात होते, ते विचारा. नष्ट केले असेल तर कोणत्या आदेशाने, आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी कुठे आहे, तेही विचारा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० पर्यंत दंड करता येतो, अर्जदाराला नुकसानभरपाईही देववता येते. तिथेही दाद लागली नाही, तर घटनेच्या २२६ व्या कलमाखाली हायकोर्टात रिट करता येते.

सरकारच्या ताब्यातल्या कागदांसाठी कोर्टाची पायरी चढणे आपल्याला नवे नाही. खुद्द बाबासाहेबांची हस्तलिखिते त्यांच्या निधनानंतर सरकारी ताब्यात पडून राहिली. ती प्रसिद्ध व्हावीत म्हणून नागपूरचे वकील जे. बी. बन्सोड यांना कोर्टात जावे लागले. राज्य सरकारने १९७६ साली समिती नेमली आणि पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. पुढे या खंडांची छपाई रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाला वर्तमानपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या कागदांची ही गत, तर गिरणी कामगाराच्या नोंदीला कोण विचारतो?

अर्ज, अपील, रिट ही हत्यारे वापरलीच पाहिजेत. पण ती एकेकट्याने आणि प्रवेशाची मुदत टळल्यावर वापरायची, हे पुरेसे नाही. आपली मागणी याच्या पुढची असली पाहिजे: सरकारी ताब्यातले दफ्तर हरवले किंवा नष्ट झाले, तर त्या नोंदीपुरता पुराव्याचा भार अर्जदाराकडून काढून दफ्तर सांभाळणाऱ्यावर टाकावा, आणि तसे कायद्यात लिहावे. ज्याने कागद सांभाळला नाही, त्याने कागद मागू नये.